एका पायावरची बास्केट

कोल्हापूर, ३ नोव्हेंबर २०२५

तोहिद,

आपल्या करंडकाला खरा खर्च किती आला ते काल बसून मांडलं. ज्ञानूच्या दोन हलग्या फुटल्या. पिराजीची म्हैस आटली, कारण सेमीफायनल ते फायनल चार दिवस धारेच्या वेळेला हा गडी मैदानावर शिट्टी फुंकत होता. माझ्या साउंडच्या दोन बॉक्सच्या कॉइल जळाल्या. गुलाल अकरा पोती. कृष्णात मास्तरांचा घसा गेला, तो काही परत आला नाही. शेजारच्या शाळेची सात कौलं. आणि तुझा उजवा गुडघा. करंडक पितळेचा होता, वरचा मुलामा दोन दिवाळ्यांत निघाला. गुडघा बाजूला ठेवला तर तसा स्वस्तातच पडला म्हणायचा.

हे वाचून कागद फाडू नकोस. माझा नंबर तू ब्लॉक केलायस, दुकानात आलो तर शटर ओढशील, म्हणून पोस्टाचा रस्ता धरला. बारा वर्षांत कोल्हापूर ते हातकणंगले हे अंतर फक्त पोस्टमनलाच जमतं असं दिसतंय.

काम असं आहे. बलदंड तालमीला जानेवारीत पंच्याहत्तर वर्षं होतात. अमृतमहोत्सव आहे, स्मरणिका काढायची आहे. आपला अमरसिंह, जो तेव्हा तुमच्या पाण्याच्या बाटल्या भरायचा, तो आता अध्यक्ष आहे. २०१३ च्या सीझनची पानं त्यानं माझ्यावर टाकलीत. म्हणाला, "बाळूकाका, त्या वर्षाचा आवाज तुमच्याकडंच हाय." खोटं नाही ते. चाहत्यांच्या आठवणी गोळा करतोय. तुझ्यासाठी अख्खं पान राखलंय. अर्ध्यात फोटो, अर्ध्यात तू लिहायचं.

तुला आठवतंय का, सगळं कोल्हापूर फुटबॉलच्या मागं आणि आपण बास्केटबॉल घेऊन बसलेलो. बाकीच्या पेठा हसायच्या. "बादलीत बॉल टाकायचा खेळ खेळत्यात ही पोरं." तालमीत कुस्ती बंद पडली, कृष्णात मास्तर फौजेतून आले आणि त्यांनी लाल मातीवर सिमेंट ओतून दोन रिंगा उभ्या केल्या. पहिल्या वर्षी बघायला मी, ज्ञानू आणि एक कुत्रं. २०१३ ला पायऱ्या पुरेनात. मॅचच्या दिवशी सकाळीच मिसळीच्या गाड्यावर आपले पिवळे रुमाल दिसायचे. दुपारी दोनला मी बॉक्स लावायचो, तीनला ज्ञानू हलगी आणि कैताळवाले झांजा घेऊन यायचे, साडेतीनला बायका पाण्याच्या टाकीवर चढून बसायच्या. फ्री थ्रोच्या वेळी समोरच्या संघाला हलगी, आपल्याला शांतता. चारशे माणसं एका दमात गप्प व्हायची. तसली शांतता माझ्या कुठल्याही बॉक्समधून आजवर निघाली नाही.

एक गोष्ट स्पष्ट लिहितो. फायनलच्या सकाळी मी तुला घरातून वाजवत आणला नसता, तर करंडक सांगलीला गेला असता. तुझी ती एका पायावरची बास्केट पेठेतलं बारकं पोरसुद्धा सांगतं.

पंधरा दिवसांत पाठव.

बाळासोदादा


१४ नोव्हेंबर

तोहिद,

तुझं अजून काही आलं नाही. मी मात्र तिघांना बोलतं केलं. फोनवर रेकॉर्ड केलं आणि उतरवून काढलं. तुला माहीत आहे, लहानपणापासून मी तोंडापेक्षा कानावर जगलो. तुझ्या बापाच्या, मौलालीचाचांच्या दुकानात कॉइल गुंडाळायला बसायचो, तेव्हा ते डोळे झाकून स्पीकर ऐकायला लावायचे. "कुठं फाटलाय सांग." त्याच कानावर साउंडचे तीन ट्रक उभे केले. माणूस कुठं फाटलाय तेसुद्धा ऐकू येतं.

पिराजी म्हणाला, "शेवटची दोन सेकंदं. आपण एका गुणानं मागं. पोरगं मधल्या रेषेवर, उजवा पाय उचललेला. फेकला की बॉल! शिट्टी वाजली तरी बॉल वरच हाय. मी तेवढ्यात बिडी पेटवली बघ, मग गेला आत."

मी म्हटलं, "मागच्या वर्षी तू डावा पाय म्हणालतास."

"मग दोन्ही उचललं असतील की!"

पूर्णिमा तेव्हा आठवीत होती, आता गारगोटीला शाळेत शिकवते. ती म्हणाली, "खरं सांगू का काका, बास्केट मला दिसलीच नाही. समोर पिराजीमामा उभे होते. आवाज ऐकला आणि बाकीचं नंतर मिरवणुकीत कळलं. एक मात्र आठवतं. टाकीवर सगळ्यांच्या आया होत्या. तोहिददादाची आई नव्हती."

हे शेवटचं वाक्य मी गाळणार आहे. जागा कमी आहे.

ज्ञानूला विचारलं तर हलगी तापवत बसला होता, मान वर न करता म्हणाला, "मला काय इचारतोस? वाजवणाऱ्याला ऐकू येतंय व्हय? तू हात केलास, मी वाढवलं. कवा हात केलास ते तुझं तुला ठावं."

ज्ञानूचंही गाळतोय. त्याला लिहिण्यासारखं काही सांगता येत नाही.

कॅप्टनला घरातून आणायची रीत मात्र दोन परिच्छेद लिहिली आहे, झकास उतरली आहे. कुस्तीच्या काळापासूनची ती. पैलवानाला आखाड्यापर्यंत वाजवत न्यायचं, आणि हलगी एकदा दारात वाजली की त्या घरानं नाही म्हणायचं नाही. घरातल्या बाईनं उंबऱ्यावर पाणी ओतायचं आणि बाजूला व्हायचं. तुझ्याकडं आम्ही चाळीसजण आलो होतो. लोक अजून त्या सकाळचा विषय काढतात.

पान रिकामं आहे. निदान फोटो तरी पाठव.

बाळासोदादा


२२ नोव्हेंबर

तोहिद,

माझंच पत्र परत आलं. मागच्या बाजूला तुझ्या दोन ओळी. "मला पान नको. फायनलच्या सकाळी दारात माझ्या आईला काय सांगितलंत ते छापा. मग फोटो देतो."

सांगितलंत, छापा. एवढा मान तू मला कधी दिला नव्हतास. लागला.

बरं, सांगतो. लपवण्यासारखं काय आहे त्यात? आम्ही नऊला आलो. चाची दारात आल्या, हाताला पीठ. गुरुवारच्या सरावात तुझा गुडघा मुरगळला होता, सुजला होता, हे सगळ्यांना माहीत होतं. चाची म्हणाल्या, "पोराचा पाय टेकत न्हाय नीट. कुठं न्हेता त्याला?"

मी म्हटलं, "चाची, नुसती सूज हाय. तासाभराचा खेळ. मी सवता आणून सोडतो."

"फोटो काढलाय न्हवं गुडघ्याचा? कागद काय म्हणतोय?"

"कागद सोमवारी येणार हाय."

मग ज्ञानूनं हलगीवर काठी टाकली. चाचींनी पाणी ओतलं आणि त्या बाजूला झाल्या. झालं, एवढंच.

मी तुला बांधून नेला नव्हता. तू तुझ्या पायानं आलास, खांद्यावर पिवळा रुमाल टाकून, हसत. आदल्या संध्याकाळी मास्तर म्हणाले होते, "बाळासो, बसवूया त्याला. सम्राट तयार हाय." मी म्हटलं, सम्राट? त्याला सवताच्या बुटाची नाडी बांधता येत न्हाय. पेठ तोहिदला बघायला येणार हाय. मास्तरांना गप्प बसवणारा मी एकटाच होतो, कारण बॉक्स माझे, ट्रक माझा, जर्सी माझ्या.

तुझी रेल्वेच्या भरतीची चाचणी तीन महिन्यांवर होती, ती गेली. मला वाईट वाटलं नाही असं समजू नकोस. पण लागला असतास तरी कुठं तरी सोलापूरकडं तिकिटं तपासत फिरला असतास. आता मोबाईल रिपेअरीचं स्वतःचं दुकान आहे, स्टेशनजवळ, बसून काम. वाईट काय आहे?

दारातलं हे एवढं छापतो. आता फोटो दे.

बाळासोदादा


१ डिसेंबर

तोहिद,

परवा हातकणंगलेत एका हळदीला साउंड होता. पोरांना लावायला सांगितलं आणि मी चालत स्टेशनकडं आलो. तुझ्या दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडं, चहाच्या टपरीपाशी उभा राहिलो. तासभर होतो. तू तीनदा उठलास. एक पाऊल टेकतं, दुसरं घासतं. गाड्या जात होत्या, तरी ऐकू येत होतं.

मग तुझी लहान पोरगी दुकानातून सुटली आणि सरळ रस्त्याकडं पळाली. "अर्शी!" म्हणून तू ओरडलास आणि लगेच, "धरा तिला, कुणीतरी धरा!" शेजारचा केळीवाला धावला. तू काउंटरला धरून उभा राहीपर्यंत ती त्याच्या कडेवर होती. जिल्ह्यात सगळ्यात चपळ पोरगा म्हणून मी माइकवर तुझं नाव घ्यायचो.

मी निघालोच होतो, तेवढ्यात मागून आवाज आला.

"बाळासो न्हवं व्हय तू? पोट किती सुटलंय रं!"

चाची होत्या. हातात कोथिंबीर.

मी म्हटलं, "सलाम, चाची."

"दुकानात वायर गुंडाळाय बसायचास तवा बरगड्या मोजून घ्याव्यात तसा होतास. माझ्याच भाकरीनं वाढलास, आता वळकायला येत न्हाईस. चहा पिलास?"

"पिलो."

"का आलतास?"

"असंच. काम होतं."

चाची म्हणाल्या, "कागद सोमवारी येणार म्हणालतास. सोमवार उजाडला न्हाय रं अजून?"

त्याच म्हणाल्या, "तोहिद गेलता सोमवारी कागद आणाय. शेजाऱ्याच्या रिक्षात पाय लांब सोडून. तिथली बाई म्हणाली, तुमचं दादा शुक्रवारीच घिऊन गेलं की रिपोर्ट. घरी आला आणि मला म्हणाला, अम्मा, कुणाला बोलायचं न्हाय. मी म्हटलं, का रं? तर म्हणाला, दादा सवता येऊन सांगंल. लय दिस वाट बघितली त्यानं. मग कोल्हापूर सोडलं."

कोथिंबीर दुसऱ्या हातात घेतली आणि रस्ता ओलांडून गेल्या. दुकानात शिरताना मागं बघितलं नाही.

आता सांगतो. यायला हवं होतं ते नोव्हेंबर दोन हजार तेरालाच. पत्रात सांगणंसुद्धा पळवाटच आहे, पण समोर बसून माझ्या तोंडातून निघणार नाही.

शुक्रवारी दुपारी मी स्वतः रिपोर्ट आणायला गेलो. तिथले डॉक्टर मला ओळखत होते, त्यांच्या दवाखान्याच्या उद्घाटनाला माझा साउंड होता. त्यांनी गुडघ्याचा एमआरआय उजेडात धरून दाखवला. म्हणाले, आतला पट्टा अर्धा तुटलाय. सहा आठवडे पाय टेकवायचा नाही. आता जपला तर धावेल. आता खेळला तर आयुष्यभराचं दुखणं. मी मान हलवली. पाकीट टेंपोच्या कप्प्यात टाकलं आणि तुला फोन केला, सोमवारी मिळणार आहे म्हणून. घरापासून मैदानापर्यंत तू टेंपोत माझ्या शेजारी बसला होतास आणि ते पाकीट तुझ्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर होतं.

पहिल्या क्वार्टरमध्ये तू उडी मारून बास्केट केलीस आणि खाली आलास. टक् असा आवाज आला. चारशे माणसं, हलगी, कैताळ, दोन शिट्ट्या, आणि त्यातून मला तो ऐकू आला. ओली काडी मोडल्यासारखा. मास्तरही वळून बघायला लागले. मी ज्ञानूला हात केला. वाढीव. कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून.

मास्तरांनी तुला बाकावर बसवलं. शेवटच्या क्वार्टरला मी माइक घेतला आणि तुझ्या नावाचा घोष सुरू केला. पेठ उठली. मास्तरांचा घसा त्याच वेळी गेला, नको नको म्हणून ओरडून. तू उठलास. म्हणजे मी उठवलं तुला. मी बॉक्सच्या भिंतीमागं होतो, गुणांचा बोर्ड दिसत नव्हता. मला बोर्ड लागतही नाही. गर्दीचा आवाज ऐकला की मॅच घासून, एकेका गुणावर चाललंय का एकीकडं सुटलंय ते कळतं. घासून चाललं होतं. मग मोठी आरोळी आली, शिट्टी आली, आणि लोक आत धावले. मला कळलं, तोहिदनं केली.

हे सगळं जसंच्या तसं तुझ्या पानावर लिहून काढलंय. माझ्या नावानं. पूर्णिमाचं वाक्य आणि ज्ञानूचं बोलणं दोन्ही परत घातलं.

एकच गोष्ट मी सोडणार नाही, आणि तूही सोडू नकोस. मी केलं ते पाप, पण करंडक त्या बास्केटवर आला. तुझा गुडघा फुकट गेला नाही. रात्री झोप लागते ती तेवढ्यावर.

बाळासो


९ डिसेंबर

तोहिद,

पान वाचून अमरसिंह खुर्चीतून उठला.

"बाळूकाका, अमृतमहोत्सव हाय का तेरावा? आमदार येणार हाईत प्रकाशनाला."

मी म्हटलं, "येऊ देत की. त्यांना वाचाय येतंय."

"तालमीची इज्जत जाईल."

"तालमीची कशानं? नाव माझं हाय खाली. छापायचं नसलं तर प्रकाशनाला साउंड दुसऱ्याचा बघ. आणि भाषणाच्या मधी माइकनं शिट्टी मारली तर मला फोन करू नको."

आपला पोरगा आहे तो, वाईट नाही. शेवटी म्हणाला, "बरं, छापू. पण मग त्या बास्केटचा पुरावा पण शेजारी छापू. लोकांना कळू दे की त्या पोरानं पाय दिला आणि तालमीनं करंडक घेतला. स्कोअरशीट असंल की कुणाकडं."

मला ते पटलं. मनातून बरंच वाटलं. तुझ्या नावासमोर शेवटच्या सेकंदाचा आकडा शाईत छापलेला असेल, आणि त्याच्याखाली माझी लबाडी. दोन्ही एका पानावर. तसं असलं तर वजन थोडं तरी सारखं होतं.

काल मुरगूडला गेलो. मास्तर तिथं लेकीकडं असतात. ऐंशीला आलेत. घशातून फक्त हवा निघते, कान त्यांच्या तोंडाशी न्यावा लागतो. पलंगाखालून फौजेची पत्र्याची पेटी ओढायला लावली. सगळ्या सीझनची शीटं वर्षवार बांधून ठेवलेली, फायनलचं वेगळ्या प्लास्टिकमध्ये.

मी म्हटलं, "मास्तर, बारा वर्षं हे तुमच्याजवळ हाय, कधी दाखवलं न्हाईसा?"

ते म्हणाले, "तू कवा मागितलास?"

मग मी त्यांना शेवटच्या आरोळीचं विचारलं. बास्केट पडली तेव्हाची आरोळी. त्यांनी मान हलवली आणि माझा कान धरून जवळ ओढला, लहानपणी धरायचे तसा. म्हणाले, "बास्केट न्हवं ती. पोरगं पडलं, तवा लोक वरडलं."

मी तिथंच पायरीवर बसून मिरवणूक आठवत राहिलो. तू ट्रकवर खुर्चीत, गुडघ्यावर बर्फाची पिशवी, आणि माइक माझ्या हातात. पहिल्या चौकात मी म्हणालो होतो, दुखऱ्या पायानं खेळला. दुसऱ्यात म्हणालो, एका पायावर खेळला. पुढं कुणीतरी खालून ओरडलं, "बास्केट कुणाची?" मी म्हटलं, "तोहिदची!" शेवटच्या चौकात पोचेपर्यंत ती शेवटच्या सेकंदाला गेली होती, मधल्या रेषेवरून. तू खुर्चीतून माझ्याकडं बघत होतास. मला वाटलं, भरून आलंय तुला.

फोटो पाठवू नकोस. पान तसंच जाईल, फोटोच्या जागी शीट. तुला आणि चाचींना सांगायला मी येत्या सोमवारी येतोय, दुपारी चारला. शटर ओढलंस तर बाहेर उभा राहीन.

शीटवर आहे ते खाली उतरवतो, माझं त्यात काही घातलेलं नाही.

तोहिद मुल्ला, कॅप्टन. पहिला क्वार्टर, तिसरं मिनिट, दोन गुण. पाचव्या मिनिटाला बाहेर. चौथ्या क्वार्टरला दोन मिनिटं राहिली असताना पुन्हा आत, त्या वेळचे गुण छप्पन्न विरुद्ध एकोणचाळीस, आपण पुढं. त्यानंतर तुझ्या नावासमोर काही नाही. सम्राटचे एकवीस. बलदंड तालीम अठ्ठावन्न, सांगली एक्केचाळीस.